मोगरा, कडू बदाम आणि धूर

"थांब रं. वास सांगतोय."

एवढं म्हणून तो उजवा हात पुढे करायचा, बोटं जुळवून तळहाताची पळी करायचा आणि समोरच्या वस्तूवरची हवा तीनदा स्वतःकडे ओढून घ्यायचा. नाक जागेवरच. मान ताठ. डोळे मिटलेले. बघणाऱ्याला वाटावं, गृहस्थ आरती घेतायत.

तुमच्यापैकी जे सायन्सला होते त्यांना ही तऱ्हा ठाऊक असेल. परीक्षानळीला नाक लावायचं नाही, हातानं वाफ ओढून हुंगायची, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. आपण सगळे ते प्रयोगशाळेच्या दारात सोडून घरी येतो. यानं ते जन्मभर सांभाळलं. चहा असा, भाजी अशी, नवी चप्पलसुद्धा अशी. माझ्या लग्नात आचाऱ्याच्या मसालेभातावर यानं असाच हात हलवला आणि सांगितलं, "तळाला लागलाय. वरचा वरचा वाढा." आचारी भडकला. त्यानं रागारागानं उलथनं तळापर्यंत घातलं, तर काळी खरपुडी वर आली. लग्न माझं, बोहल्यावर मी, आणि मांडवात चर्चा कुणाची? सांगायलाच हवं का?

तर मंडळी, आधीच कबूल करून टाकतो. त्याचं हे चित्र काढणारा माणूस त्याच्यावर आयुष्यभर जळत आलेला आहे. रंग कुठे जास्त झाला तर समजून घ्या.

माझं निपाणीत हायवेच्या कडेला गाड्यांचा धूर तपासायचं सेंटर आहे. महाराष्ट्रातून येणारे त्याला पीयूसी म्हणतात, इकडचे कर्नाटकातले एमिशन म्हणतात. मी दोघांनाही 'व्हय' म्हणतो. सायलेन्सरमध्ये नळी सारायची, मशीन धुरात काय काय आहे ते दाखवतं, प्रिंटर कागद सोडतो. रोज सकाळी मशीनला उदबत्ती ओवाळल्याशिवाय मी पहिली गाडी घेत नसे. आणि तो? तो पुण्यात शास्त्रज्ञ होता. अर्धी नोकरी सेंद्रिय रसायनात, अर्धी गाड्यांच्या धुरात. आम्ही दोघं एकाच बाकावर बसून एम.एस्सी. झालो. आता माझं दुखणं कुठे आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल.

पण ते दुखणं एम.एस्सी.पेक्षा जुनं आहे. आमची शेती तंबाखूची. त्याची आई निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळायला जायची. म्हणजे आम्ही पिकवायचो आणि ती शिंकायची. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून ती त्याला बरोबर न्यायची. पोत्यांच्या थप्प्यांत वाढल्यानं त्याचं नाक असं तयार झालं होतं की पोत्यावर हात हलवून तो माल कुठल्या शिवारातला ते सांगायचा. माझे वडील एकदा माल घालायला वखारीत गेले आणि घरी येऊन म्हणाले, "चाळणाऱ्या बाईचं पोरगं गा ते! आपल्या पोत्यात खालच्या थराला पाणी मारलंय, ते वरनं सांगितलं त्यानं. सगळ्यांच्या देखत."

वडील चिडायला हवे होते. ते हसत होते. कौतुकानं हसत होते. माझ्याकडे बघून असं ते कधी हसले नव्हते. माझी गाडी तिथून सुरू झाली.

पुढे धारवाडला एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला प्रत्येकाला एकेक बाटली मिळायची. आतला द्रव कुठला, ते तीन तासांत शोधायचं. त्या दिवशी आम्हा दोघांच्या बाटल्यांत एकच द्रव होता, हे नंतर कळलं. त्यानं बूच काढलं, हात हलवला, डोळे मिटले आणि कागदावर उत्तर लिहून मोकळा झाला. नंतरच्या चाचण्या त्यानं निव्वळ पुरावा म्हणून केल्या. मी मात्र नियमानं गेलो. एका चाचणीत लाल साका यायला हवा होता. आला नाही. पुन्हा तापवलं. नाही आला. मग मी ठाम निष्कर्ष काढला, वळणदार अक्षरात लिहिला, खाली दोन रेघा मारल्या. साफ चूक. त्या द्रवाला ती चाचणी लागूच पडत नाही, हे मला पाठ होतं. लाल रंग आला नाही या रागात विसरलो.

"तुला कसं कळलं?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"कडू बदाम. बूच काढलं की येतोय की रं वास."

"मला न्हाय आला."

"तू हुंगलासच कुठं? तू बाटलीकडं बघून घाबरलास."

बेंझाल्डिहाइड त्या द्रवाचं नाव. नाव विसरलात तरी चालेल. कडू बदाम तेवढा लक्षात ठेवा.

आता या गोष्टीतला माझा सर्वांत मोठा प्रवेश. एम.एस्सी. संपली आणि पुण्यातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेनं आम्हा दोघांना मुलाखतीला बोलावलं. सुगंधी रसायनांवर संशोधन. जागा एक. माझी तयारी जोरात. नवा शर्ट, इस्त्रीची पँट, आणि मामांनी बेळगावला खडेबाजारातून खास आणलेली मोगऱ्याच्या अत्तराची कुपी. "साहेब लोकांपुढं जायचंय," मामा म्हणाले. सुगंधाची प्रयोगशाळा म्हटल्यावर मलाही ते शोभून दिसेलसं वाटलं. पुण्याला उतरल्यावर मी मनगटांना लावलं, कानांमागे लावलं, थोडं उरलं ते छातीला लावलं.

पहिला नंबर माझा. समोर एक वयस्कर प्राध्यापक. त्यांनी कागदाची पट्टी एका बाटलीत बुडवून माझ्या हातात दिली. "कशाचा वास येतोय?"

"मोगरा," मी म्हणालो.

दुसरी पट्टी.

"मोगरा."

तिसरी पट्टी आली तेव्हा खोलीतल्या बाकीच्या दोघांनी खिडकी उघडली होती. मी तरीही म्हणालो, "मोगरा."

प्राध्यापक शांतपणे म्हणाले, "तुमच्या मनगटाचा वास मी तुम्हाला विचारलेला नाही."

जागा त्याला मिळाली. ही मोगऱ्याची गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, बायकोलाही नाही. लोकांना मी सांगायचो की मुलाखत इंग्रजीत होती. पण एक प्रश्न तेव्हापासून माझ्या आत बसून राहिला. झाकलेल्या भाताचा तळ ज्या नाकाला बाहेरून कळतो, त्या नाकाला शेजारून चालणाऱ्या माणसाचं अत्तर कळलं नसेल? आणि कळलं असेल, तर तो गप्प का राहिला? बाहेर व्हरांड्यात पाण्याचा नळ होता. "हात धुऊन घे" म्हणायला किती वेळ लागतो? तीस वर्षं आम्ही भेटत राहिलो. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझा मोगरा त्याला कळला असता.

पुण्यात त्यानं नाव काढलं. सुगंधी रेणू बनवायच्या नव्या रीती काढल्या. दिवाळीला यायचा तेव्हा बारीक बाटल्या आणायचा, आमच्या घरी बायको त्या कपाटात साड्यांच्या घड्यांत ठेवायची. मी इकडे एका कॉलेजात काही वर्षं हंगामी शिकवलं, मग ते सोडून धुराचं सेंटर काढलं. आणि एक समाधान करून घेतलं. सुगंध त्याचा, धूर माझा. दोन वेगळी राज्यं. कुणी कुणाच्या वाटेत नाही.

माझं राज्य तीन वर्षं टिकलं.

एके दिवशी त्याचा फोन. "अरे, सिग्नलला थांबलतो. पुढं एक जुनी गाडी. धुरात काय आलं सांग."

"धूर."

"कडू बदाम! आपल्या बाटलीतला. तसाच्या तसा. पेट्रोल अर्धवट जळलं की धुरात तयार होतोय बघ. आयुष्यभर काचेच्या भांड्यात जे बनवत बसलो ते सगळं खानदान रस्त्यावर फुकट फिरालंय, आणि लोकांच्या छातीत जालंय. सुगंध बनवणारे लई हायत रं. धुरातलं कोण हुंगतंय?"

त्यानं विषयच बदलला. सहकाऱ्यांनी वेड्यात काढलं. अत्तर सोडून सायलेन्सर! पण तो वाहनं तपासणाऱ्या एका संस्थेत गेला आणि धुरातले विषारी अंश कसे मोजायचे, कसे कमी करायचे, यावर काम करू लागला. सगळे म्हणाले, केवढी झेप. मी म्हणालो, घुसखोरी. धूर माझा होता!

आणि तो नुसता विषयात शिरून थांबला नाही, सेंटरातही शिरला. सुट्टीला आला की सकाळीच हजर. माझ्या स्टुलावर बसायचा. गाडी आली की मी नळी उचलेपर्यंत हा सायलेन्सरमागे उकिडवा.

एकदा गुळानं भरलेला एक टेम्पो आला. "आप्पा, कागद द्या लगेच, माल पोचवायचाय," टेम्पोवाला मला म्हणाला.

"थांब रं. वास सांगतोय," हा मागून. हात हलला, डोळे मिटले. "गोड येतोय."

"गूळ भरलाय नव्हं साहेब."

"गूळ वर हाय. हे खालनं येतंय. रेडिएटरचं पाणी रोज कमी होतंय का न्हाय?"

टेम्पोवाल्याचा जबडा खाली. "व्हय की! रोज बाटलीभर घालालोय."

"कूलंट इंजिनात शिरून जळालंय. गॅस्केट गेलंय. आज घाट चढवू नको."

तिकडे माझ्या मशीनवर आकडे आले होते. सुंदर, हिरवे, टप्पोरे आकडे. कुणी ढुंकून पाहिलं नाही. महिनाभरानं तोच टेम्पोवाला पुन्हा आला आणि मला, सेंटरच्या मालकाला, लायसन्सधारकाला विचारतो, "सायंटिस्ट साहेब कधी येणार हायत? मग येतो."

घरी तीच तऱ्हा. बायको चहा पुढे करायची आणि लाडानं विचारायची, "भावजी, सांगा बघू काय घातलंय?" हा हात हलवायचा. "गवती चहा. आलं. आणि वैनी, दूध कालचं हाय." यावर ती टाळ्या पिटायची. टाळ्या! दूध कालचं आहे हे मी म्हणालो असतो तर परवाचा चहा मिळाला असता.

मला गोष्टी सांगायचा नाद आहे. गावोगावच्या कार्यक्रमांत बोलवतात. कडोलीला एका कार्यक्रमात माझी गोष्ट रंगात होती, तेवढ्यात कुणीतरी समोर बसलेल्या याला ओळखलं आणि दोन शब्द बोलायला वर ओढलं. हा दोन मिनिटं बोलला. आईच्या लुगड्याला तंबाखूचा वास यायचा आणि तो वास धुऊन जात नसे, एवढंच. नंतर माझी गोष्ट पुढे सुरू झाली, पण ऐकत कोण होतं?

आता तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर त्याच्याकडून शिकून घ्यायचं. प्रयत्न केला. सेंटरात कुणी नसताना मी सायलेन्सरमागे उकिडवा बसलो, हात हलवला, डोळे मिटले. खोकला आला. बाकी काही नाही.

मग तीन वर्षांपूर्वी त्यानं अचानक मुदतीआधीच निवृत्ती घेतली. बेळगावजवळ सांबऱ्याला, त्याच्या आजोळी, घर बांधलं. कारण विचारलं की म्हणायचा, "गाव बोलवालंय." आठवड्यातून दोनदा बसनं निपाणीला यायचा. आणि तेव्हापासून एक नवलाची गोष्ट सुरू झाली. गाडी आली की तो पूर्वीसारखाच हात हलवायचा, डोळे मिटायचा; पण मग डोळे उघडून माझ्याकडे बघायचा. "तुला काय वाटतंय?"

मला! त्यानं! मी पहिल्यांदा मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी उभं आहे का म्हणून.

"आईल जळालंय वाटतंय," मी भीत भीत म्हणायचो.

तो मशीनचे आकडे बघायचा, धुराचा रंग बघायचा, मान हलवायचा. "बराबर." कधी म्हणायचा, "पुन्हा घे. घाई करालास." आणि खरं सांगतो, मला हळूहळू येऊ लागलं. आईल वेगळं, कच्चं पेट्रोल वेगळं, क्लचप्लेट वेगळी. मी बायकोला सांगितलं, गिऱ्हाइकांना सांगितलं, समोरच्या पानवाल्याला दोनदा सांगितलं की सायंटिस्ट हल्ली माझा सल्ला घेतात. चालताना माझी मानसुद्धा ताठ झाली होती म्हणे.

एका सकाळी मी मशीन पुसत होतो. तो म्हणाला, "आण, आज उदबत्ती मी लावतो." मी उदबत्ती आणि काडेपेटी त्याच्या हातात दिली. तेवढ्यात गॅसवर चालणारी एक जुनी व्हॅन उलटी उलटी थेट दारात आली, आणि तिच्याबरोबर सडक्या कांद्यासारखा उग्र भपका. रस्त्यापलीकडच्या पानवाल्यानं नाकाला फडकं लावलं. गॅस गळत होता. मी वळलो. तो व्हॅनपासून चार हातांवर उभा होता, उदबत्ती काखेत, आणि काडी पेटीवर टेकवलेली.

"ओढू नको!" मी किंचाळलो.

तो थबकला. "काय झालं रं?"

"गॅस गळालाय! वास येत न्हाय काय तुला?"

त्यानं व्हॅनकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मग काडी पेटीत ठेवली आणि पेटी माझ्या तळहातावर ठेवली.

"न्हाय," तो म्हणाला.

व्हॅन ढकलून मोकळ्या जागेत नेली, तिचा कॉक बंद केला. मग आम्ही बाकावर बसलो.

"कधीपास्नं?" मी विचारलं.

"तो ताप आलता नव्हं, सगळ्यांना, त्या वर्षी. सगळ्यांचा वास गेला आणि परत आला. माझा आला न्हाय."

"म्हणून नोकरी सोडलास?"

"मशीनं हायत की तिथं. काम चाललं असतं. पण मलाच कळंना, मी तिथं काय करालोय."

"आणि मला विचारत हुतास ते?"

"नाक लागत हुतं रं. तुझं जवळ हुतं."

ज्या गोष्टीसाठी मी जन्मभर त्याचा हेवा केला ती त्याच्याकडे उरली नव्हती. मी माझ्या आत आनंद शोधला. खोटं कशाला बोलू? सापडला. चिमूटभर. पण तो त्याच्याशेजारी बसून चघळता येईना. आणि त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. माझा सल्ला हवा आहे म्हणून मी ताठ मानेनं हिंडत होतो, आणि त्याला फक्त दोन नाकपुड्या हव्या होत्या.

दुसऱ्या खेपेला तो एक जाड वही घेऊन आला. गॅरेजवाल्यांसाठी लिहायला घेतलेली. डाव्या पानावर वास, उजव्या पानावर बिघाड. वास गेला तेव्हा वही अर्ध्यावर होती. "पुरी करायची हाय," तो म्हणाला. "तू हुंग. मी लिहितो."

मंडळी, त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत मजेचे. घाट उतरून आलेल्या ट्रकच्या ब्रेकला कसला वास? "इस्त्रीखाली शर्टाचं बटण सापडल्यावर येतोय तसला," मी सांगितलं. आईल जळतं त्याचा? "जत्रेत तिसऱ्या दिवशी भज्याच्या कढईजवळ उभं राहिल्यासारखा." धूर साफ करणारा कन्व्हर्टर बिघडला की त्याचा? "उकडलेलं अंडं डब्यात विसरून चार दिवस पावण्यांकडं गेल्यावर."

"असं लिहू काय?"

"असंच लिही. गॅरेजवाल्याला तुझं रेणू घेऊन काय करायचंय?"

तो हसत हसत लिहायचा. त्याचं अक्षर, माझे शब्द. बायको चहा घेऊन यायची आणि आता मला विचारायची, "भावजींना सांगा की, आज चहात काय हाय?" तीही सगळं समजून होती.

वहीत एकच डावं पान कोरं राहिलं. कडू बदामाचं. "जुनी पेट्रोलची गाडी पाहिजे. इंजिन गार पाहिजे. चालू केल्यावर पहिली दोन मिनिटं. बारीक येतोय, पण येतोय," तो सांगायचा. मी कितीतरी गाड्यांमागे बसलो. येईना. एका सकाळी पलीकडच्या गल्लीतली एक म्हातारी गाडी आम्ही हातानं ढकलत आणली आणि दारात चालू केली. मी हात हलवला. तो वही मांडीवर घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होता. निकाल लावायच्या दिवशी पोरं फळ्याकडे बघतात तसा.

"येतोय काय?"

मला धूर येत होता. पण ते तोंड बघून काय सांगणार?

"येतोय."

"किती?"

"चांगला."

त्याचं पेन कागदाला टेकलं. तसंच राहिलं. मग त्यानं टोपण लावलं.

"लिहीत न्हाय."

"का रं?"

"तुला वास आला की तू गोष्ट सांगतोस. इस्त्री, भजी, अंडं. आला न्हाय की एका शब्दात उत्तर देतोस, पटदिशी. त्या दिवशीबी असंच केलतास. मोगरा. मोगरा. मोगरा."

म्हातारी गाडी थडथडत होती. मी ती बंद केली.

"ते तुला कुणी सांगितलं?"

"दाराला कान लावून उभा हुतो."

"आणि अत्तर?"

"अत्तराचा वास फाटकात शिरतानाच आलता." तो वहीकडे बघत बोलत होता. "व्हरांड्यात नळ हुता. हात धू, म्हणायचं हुतं. पार तोंडात आलतं. म्हणालो न्हाय. जागा एकच हुती रं."

तीस वर्षं ज्या प्रश्नाचं उत्तर मला हवं होतं ते मिळालं, आणि त्याचं काय करायचं ते कळेना. मी उठलो, त्या गाडीचा कागद काढला, चार वेळा मशीन पुसलं. त्या दिवशी त्याला बसपर्यंत सोडायला गेलो नाही. तो एकटाच चालत गेला.

आठवडाभर मी मनातल्या मनात खटला चालवला. न्यायाधीश मी, वकील मी, साक्षीदार मी. तो सपाटून हरत होता. मग एकदा दाढी करताना सहज विचार आला, त्याच्या जागी मी असतो तर? प्रामाणिकपणे सांगतो. मी 'हात धू' म्हणालो नसतोच. 'आणखी दोन थेंब लाव' म्हणालो असतो.

खटला तिथं संपला.

पुढच्या आठवड्यात तो आला. खिशातून कागदात गुंडाळलेली कुपी काढली. खडेबाजारातलीच. मोगरा. "दुकान तेच हाय. मालकाचा मुलगा बसतोय आता."

"हुंगून घेतलास काय?"

"दुकानदारावर इस्वास ठेवला."

मी बूच काढलं. अगदी त्याच्यासारखा हात हलवला, डोळे मिटले. "पाणी घातलंय," मी म्हणालो.

"खरं?" तो केवढा तरी दचकला.

"न्हाय रं. चांगलं हाय."

"एका शब्दात नको. गोष्ट सांग."

मग मी सांगितली. धारवाडला परीक्षेच्या दिवसांत आम्ही होस्टेलच्या गच्चीवर पाठांतर करत हिंडायचो. भिंतीपलीकडच्या बंगल्यात म्हातारी बाई ऊन कलल्यावर मोगऱ्याच्या वाफ्याला पाणी घालायची. तापलेल्या मातीतून आधी वाफ यायची, आणि वाफेच्या मागून कळ्यांचा वास. आम्ही दोघं एकदमच पाठांतर विसरायचो. तसा येतोय, मी म्हणालो. अगदी तसा.

तो डोळे मिटून ऐकत होता. हात पुढे केलेला.

"येतोय," तो म्हणाला.

एका शब्दात. पटदिशी. मी ओळखलं, पण त्यानं पेनाला टोपण लावून माझं खोटं धरलं तसं मला त्याचं धरता आलं नाही.

या थंडीत तो गेला. सकाळी सांबऱ्याच्या रस्त्यावर फिरायला गेला, दम लागला म्हणून कट्ट्यावर बसला तो बसलाच. इथेही पहिला नंबर त्याचाच. शोकसभेला सभागृह भरून बाहेर माणसं उभी होती. टेम्पोवाले, गॅरेजवाले, वखारीतल्या म्हाताऱ्या बायका, पुण्याचे शास्त्रज्ञ. मी मागच्या दारातून ती गर्दी मोजली आणि घरी येऊन बायकोला म्हणालो, "माझ्या वेळी याच्या निम्मीबी येणार न्हाईत." ती रडता रडता हसली.

वही त्याच्या बायकोनं मला आणून दिली. "तुमची आहे म्हणत होते," एवढंच त्या वहिनी म्हणाल्या. कडू बदामाचं डावं पान कोरंच आहे.

अत्तराची कुपी सेंटरात मशीनच्या वरच्या फळीवर ठेवली आहे. बूच घट्ट आहे, तरी आतली पातळी हळूहळू उतरतेय. सकाळी शटर वर केलं की कोंडलेल्या हवेत मोगऱ्याचा अगदी बारीक वास असतो. मी दारात उभा राहून एकदा, फक्त एकदा, हात हलवून घेतो. मग मागचं दार उघडतो, पंखा लावतो आणि तो पुरता जाईपर्यंत थांबतो. उदबत्ती मी बंद केली आहे. मग वही काढून ते पान उघडं ठेवतो.

पलीकडच्या गल्लीतली म्हातारी गाडी अजून आहे. तिचा मालक घाईत असतो. "आप्पा, नळी घाला की लवकर, ऑफिस हाय मला!"

मी तिच्यामागे उकिडवा बसतो. हात पुढे करतो.

"थांब रं," मी म्हणतो.